एका खुराड्यात चार वयांच्या कोंबड्या: पोते कोणते आणावे?

अंगणवेल | १९ मे, सकाळी ७.४०

नमस्कार. नागपुरात हुडकेश्वर भागात आमच्या घरामागे थोडे मोकळे अंगण असून तीन वर्षांपासून तेथे आम्ही घरापुरत्या कोंबड्या पाळतो. सध्या तीन गावरान कोंबड्या, एक कोंबडा, तपकिरी अंडी देणाऱ्या चार संकरित कोंबड्या, अडीच महिन्यांच्या सहा कडकनाथ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) आणि एका गावरान कोंबडीमागे फिरणारी दहा दिवसांची सात पिले असे एकवीस जीव आहेत. खुराडे एक, खाद्याची भांडी दोन आणि खाद्य ठेवायला जागा एकाच पोत्यापुरती.

आजवर मी दुकानदाराच्या सांगण्यावरून सर्वांना लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरड खाद्य, देत आले. शेजारचे काका म्हणतात की ब्रॉयलरचे स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिलांचे खाद्य, द्या, सगळी कशी टुमटुमीत होतील. आई मात्र या दोन्हींवर हसते. तिच्या माहेरी सावनेरकडे कोंबड्या उकिरड्यावर वाढल्या आणि त्यांना कोणी पोते आणून घातले नव्हते, हा तिचा मुद्दा. ती सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा किलो ज्वारी अंगणात टाकते, शिवाय उरलेला भात असतोच. त्यामुळे पन्नास किलोंचे पोते जवळजवळ दोन महिने पुरते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

प्रश्न असा की गेल्या तीन आठवड्यांत संकरितांपैकी दोघींच्या अंड्यांचे कवच इतके पातळ झाले आहे की हातात घेताच चिरते आणि परवा तर नुसत्या पापुद्र्याचे, कवच नसलेले अंडे मिळाले. लेयरचेच खाद्य देत असताना असे का व्हावे? आणि एकच पोते आणायचे असेल तर कोणते आणावे?

कामठीरोड | १९ मे, सकाळी ९.१५

ताई, सहा वर्षांपासून माझ्याकडे सर्वांना लेयरच आहे. कोंबडाही तेच खातो आणि ठणठणीत आहे. कवच पातळ होण्याचे कारण नागपूरचा मे महिना आहे, खाद्य नव्हे. पाऊस पडू द्या, आपोआप सुधारेल.

निवृत्त_पर्यवेक्षक | १९ मे, दुपारी २.०५

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ताईंनी समाधानाची म्हणून सांगितलेली गोष्टच मला दुखण्याची वाटते. आपण हिशेब करू. संकरित कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, गावरान ८० च्या आसपास, कोंबडा १००, अडीच महिन्यांची तलंग ६० आणि पिलू २० ग्रॅम धरले तर तुमच्या कळपाची भूक दिवसाला पावणेतेरा-शे ग्रॅम भरते. या हिशेबाने पन्नास किलोंचे पोते चाळीस दिवसांच्या आत संपायला हवे. ते दोन महिने पुरते, याचा अर्थ तुमच्या कोंबड्यांच्या पोटात एक तृतीयांशाहून जास्त ज्वारी जाते आहे. पोत्यावर काय छापले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. एकूण जे पोटात जाते ते खाद्य.

आता संकरित कोंबडीचा एक दिवस पाहा. ती ७० ग्रॅम लेयर मॅश आणि ४० ग्रॅम ज्वारी खाते असे धरा. मॅशमध्ये १७ टक्के प्रथिने असतील तर त्यातून सुमारे १२ ग्रॅम आणि १० टक्के प्रथिनांच्या ज्वारीतून ४ ग्रॅम मिळतात. म्हणजे १६ ग्रॅम, जेथे तिला १७ च्या पुढे हवी असतात. ही तूट ती थोडे लहान अंडे देऊन निभावून नेईल. कॅल्शियमचे मात्र तसे नाही. लेयर मॅशमध्ये ते साधारण साडेतीन टक्के असते, म्हणजे ७० ग्रॅममधून अडीच ग्रॅमही मिळत नाही आणि ज्वारीत ते जवळजवळ नसतेच. एका अंड्याच्या कवचात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि कोंबडी खाल्लेल्यापैकी निम्मे किंवा थोडे अधिकच शोषू शकते. रोज अंडे देणारीला म्हणूनच दिवसाला चार ग्रॅम लागते. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि हाडेही देईनाशी झाली की पापुद्र्याचे अंडे येते.

आईंचे म्हणणे चुकीचे नाही, ते वेगळ्या कोंबडीबद्दल आहे. उकिरड्यावरची गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ती थांबून थांबून देते, मध्ये खुडूक बसते आणि दिवसभर किडे, वाळवी, खडे, पाला वेचते. संकरित कोंबडी वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी देण्यासाठीच निवडली गेलेली आहे आणि अंगणात ज्वारी मिळाली तर ती मॅश सोडून ज्वारीकडे धावणारच.

दुसरा प्रश्न कोणत्या पोत्याचा. लेयर मॅश हे अंड्यावर आलेल्या कोंबडीसाठी बनवलेले असते. वाढत्या तलंगेला आणि पिलाला एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरते. त्याच्या साडेतीन-चार पट कॅल्शियम महिनोन्महिने पोटात गेले तर ते बाहेर टाकण्याचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. मिश्र कळपात म्हणून मी नेहमी सांगत आलो की पोते सर्वांत लहानाला सोसवेल असे आणावे आणि कॅल्शियम पोत्याबाहेर, वेगळ्या वाटीत ठेवावे. सोळा ते अठरा टक्के प्रथिनांचे ग्रोअर मॅश (वाढत्या कोंबड्यांचे खाद्य) सर्वांना द्या आणि शिंपल्याचा जाडसर चुरा, ज्याला दुकानात शेल ग्रिट म्हणतात, तो एका वाटीत कायम भरलेला ठेवा. अंड्यावरची कोंबडी संध्याकाळी स्वतःहून त्या वाटीकडे जाते, कारण कवच मुख्यतः रात्री चढते. चुरा जाडसरच घ्यावा, कारण जाड तुकडे गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. बारीक भुकटी संध्याकाळीच पुढे निघून जाते.

सात पिले आणि त्यांची आई यांना दोन महिने वेगळे ठेवून वीस टक्के प्रथिनांचे चिक मॅश द्यावे. पिलांची आई त्या काळात अंडी देत नाही, त्यामुळे तिलाही तेच चालते. वेगळी जागा नसेल तर भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून त्याला पिलू शिरेल पण मोठी कोंबडी शिरणार नाही एवढी दोन फटी पाडा आणि चिक मॅशचे भांडे आत ठेवा.

तलंगवाला | १९ मे, रात्री १०.३०

पर्यवेक्षक काकांनी मूत्रपिंडाविषयी लिहिले ते मी स्वतः पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे चार महिन्यांच्या कडकनाथ तलंगा मोठ्या लेयर कोंबड्यांबरोबर त्याच भांड्यात खात असत. एप्रिलमध्ये आठवडाभरात तीन मेल्या. बाहेरून जखम नाही, हगवण नाही, फक्त मान टाकून बसणे. तिसरी मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनासाठी नेली. हृदयावर आणि यकृतावर कोणी खडूची भुकटी उधळावी तसा पांढरा थर होता आणि मूत्रपिंडे सुजलेली होती. डॉक्टरांनी त्याला गाऊट म्हटले, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकू न शकलेले युरिक आम्ल अवयवांवर साचणे. त्यांनी सर्व दोष कॅल्शियमवर टाकला नाही, हेही सांगायला हवे. त्यांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. त्या आठवड्यात माझे पाण्याचे भांडे दुपारी उन्हात येत असे आणि पाणी इतके तापत असे की कोंबड्या ते पीत नसत. जास्त कॅल्शियम आणि कमी पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, असे त्यांचे मत पडले.

अवांतर: कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातील झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून लोकांना वाटते की ही जात काहीही पचवते. रंग काळा असला तरी मूत्रपिंडे इतर कोंबड्यांसारखीच असतात.

कामठीरोड | २० मे, सकाळी ८.००

तलंगांविषयीचे म्हणणे मान्य, माझ्याकडे कधी लहान कोंबड्या नव्हत्या. परंतु कोंबड्याचे काय? सहा वर्षे लेयर खाऊन तो जिवंत आहे, हा पुरावा नव्हे काय?

निवृत्त_पर्यवेक्षक | २० मे, सकाळी ११.२०

पुरावा आहे, एका कोंबड्यापुरता. पूर्ण वाढलेला नर लेयर खाद्यावर बराच काळ निभावतो, हे मीही पाहिले आहे. त्याची गरज एक टक्क्याहून कमी असली तरी त्याची मूत्रपिंडे पूर्ण तयार झालेली असतात. तुमच्या खुराड्यात फक्त मोठ्या कोंबड्या आणि एक कोंबडा असेल तर मी लेयर बदलायला सांगणार नाही. धोका वाढीच्या वयाला आहे. त्या वयात झालेले नुकसान पुढे दिसते, कोंबडी अंड्यावर आल्यावर, आणि तोवर आपण खाद्य विसरलेले असतो.

उन्हाचा तुमचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि तो मी काल लिहायला हवा होता. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापा टाकताना रक्तातील कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, आणि कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे कार्बोनेटसाठी लागणारा कच्चा मालच कमी पडतो. त्यातच पंचेचाळीस अंशांत तिची भूक मंदावते. या दिवसांत खाद्य पहाटे साडेपाचला आणि सूर्य कलल्यावर द्यावे, दुपारी भांडे उचलून ठेवावे. कोंबडी एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही पुष्कळ जास्त. गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट देऊ नका. माठात ठेवून, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून द्या.

काटोलचा_शेतकरी | २० मे, रात्री ९.१०

आमच्याकडे म्हशींसाठी सरकीची ढेप आणि जवसाची ढेप दोन्ही असतात. प्रथिनेच हवी असतील तर ज्वारीत मूठभर ढेप मिसळली की पोत्याची गरज राहत नाही, असे मला वाटते. चूक असल्यास सांगावे.

जवसाची_चटणी | २० मे, रात्री ११.४५

दादा, कृपया असे करू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. म्हशीच्या पोटात ते बरेचसे निष्प्रभ होते, कोंबडीच्या नाही. सरकीची ढेप खाणाऱ्या कोंबडीची अंडी काही दिवस ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि सरकीतील तेलामुळे पांढरा भाग गुलाबी होतो. माझ्या सासूबाईंनी अशी अंडी विटली म्हणून टोपलीभर फेकून दिली होती, कारण आम्हाला पुढच्या वर्षी कळले. जवसाची ढेप मोठ्या कोंबडीला अगदी थोडी चालते, पण पिलांना मुळीच देऊ नये, कारण तिच्यात ब जीवनसत्त्वांपैकी एकाला, बी-६ ला, निकामी करणारे द्रव्य असते आणि पिलांची वाढ खुंटते. कोंबड्यांसाठी विदर्भात सहज मिळणारी आणि खरोखर कामाची ढेप एकच, सोयाबीनची. शेतातले कच्चे सोयाबीन दळून घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे; कच्च्या दाण्यातील घटक प्रथिने पचूच देत नाहीत, ते भाजावेच लागते.

काटोलचा_शेतकरी | २१ मे, सकाळी ६.५०

धन्यवाद ताई. म्हशींची ढेप म्हशींनाच. मग सोयाबीनची ढेप वापरून घरी मिश्रण करता येईल काय?

निवृत्त_पर्यवेक्षक | २१ मे, दुपारी १.३०

येईल, परंतु वीस कोंबड्यांसाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही विचारले आहे तर शंभर किलोंचे प्रमाण देतो: भरडलेला पिवळा मका ६० किलो, सोयाबीनची ढेप २२, भंडारा-गोंदियाकडची तांदळाची कणी १०, तांदळाचा कोंडा ५, डायकॅल्शियम फॉस्फेट दीड किलो, चुनखडीची भुकटी १ किलो, मीठ ३०० ग्रॅम आणि जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण २०० ग्रॅम. यात प्रथिने साडेसोळा टक्क्यांच्या पुढे भरतात आणि कॅल्शियम एक टक्क्याच्या आत राहते, म्हणजे ते ग्रोअरच्या जातीचे झाले. कळमन्याच्या बाजारात मका-कणी सहज मिळते, अडचण शेवटच्या दोन वस्तूंची आहे. दोनशे ग्रॅम भुकटी शंभर किलोंत फावड्याने समान मिसळत नाही. आधी किलोभर मक्याच्या पिठात, मग पाच किलोंत, मग सर्वांत, अशी चढत मिसळावी लागते. मीठही तसेच, एका घमेल्यात ते जास्त पडले तर पिले दोन दिवसांत जातात. याच कारणाने चिवडा, लोणच्याचा खार, उरलेली तर्री असले पदार्थ अंगणात टाकू नयेत.

अंगणवेल ताईंसाठी ज्वारीचे प्रमाण: एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. तुमच्या कळपाला दिवसाला सव्वाशे ग्रॅम किंवा त्याहून कमी, म्हणजे आईंच्या दोन-तीन मुठी, त्याही संध्याकाळी मॅश खाऊन झाल्यावर.

अंगणवेल | २१ मे, रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. तीन मुठींचा नियम आईला सांगितला. तिने कोंबड्यांच्या वतीने नाराजी व्यक्त केली आणि मग मान्य केला. दोन शंका राहिल्या. घरात पानाचा चुना आहे, तो शिंपल्याऐवजी पाण्यातून दिला तर चालेल काय? आणि ब्रॉयलर स्टार्टर देण्याचा शेजारच्या काकांचा सल्ला कोणी खोडून काढला नाही, तो का?

जवसाची_चटणी | २१ मे, रात्री ९.००

चुना देऊ नका. तो विरवलेला चुना असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजतो. चुनखडी किंवा शिंपला आणि पानाचा चुना ही वेगवेगळी द्रव्ये आहेत. घरच्या अंड्यांची टरफले चालतील, पण ती धुऊन, कडक वाळवून, हाताने चुरून द्या. अर्धी टरफले जशीच्या तशी टाकली तर कोंबड्या अंडी ओळखून फोडायला शिकतात.

निवृत्त_पर्यवेक्षक | २२ मे, सकाळी १०.१५

ब्रॉयलर स्टार्टरमध्ये बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि भरपूर ऊर्जा असते, ते सहा आठवड्यांत कापायच्या पक्ष्यासाठी बनवलेले खाद्य आहे. गावरान कोंबडी त्यावर चरबी धरते आणि अंड्यावर येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात बहुधा रक्ती हगवण रोखणारे औषध मिसळलेले असते. पिलांच्या खाद्यात ते असणे उपयोगाचे आहे, परंतु तुम्ही जिची अंडी खाता त्या कोंबडीला ते नको. यांतील निकार्बाझिनसारखे औषध तपकिरी अंड्याचा रंगच उडवते. तुमच्या चिक मॅशच्या पोत्यावरची चिठ्ठी नीट वाचा, आणि औषध असेल तर ते भांडे क्रेटच्या आतच राहील याची काळजी घ्या. घोडा, टर्की असे प्राणी आसपास असतील तर अधिकच, कारण यांतील काही औषधे त्यांना प्राणघातक ठरतात.

अंगणवेल | १२ जुलै, सकाळी ७.१०

धागा वर काढत आहे. ग्रोअर मॅश आणि शिंपल्याची वाटी सुरू करून सात आठवडे झाले. पहिले दहा दिवस काहीच फरक दिसला नाही आणि मी निराश होऊन पुन्हा लेयर आणण्याच्या बेतात होते. तिसऱ्या आठवड्यापासून चारही संकरित कोंबड्यांच्या अंड्यांची कवचे टणक झाली. त्यात खाद्याचा वाटा किती आणि पहिल्या पावसाचा किती, हे मला वेगळे करता येत नाही, तेव्हा कामठीरोड यांनी अर्धे श्रेय घ्यावे. संध्याकाळी पाचनंतर त्या चौघी रांगेने वाटीवर येतात, गावरान आठवड्यातून एक-दोनदा, कडकनाथ तलंगा हुंगून निघून जातात. कोंबडा मात्र रोज एक तुकडा चोचीत धरतो, कुकु करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्या आल्या की खाली टाकतो. स्वतः खात नाही.

नवी अडचण अशी की मॅशमधला मक्याचा भरडा वेचून खाल्ला जातो आणि तळाशी पिठूळ भाग राहतो. शिवाय पोत्याच्या खालच्या कोपऱ्याला कुबट वास येऊ लागला आहे. तेवढा भाग उन्हात वाळवून वापरावा काय?

निवृत्त_पर्यवेक्षक | १२ जुलै, दुपारी १२.४०

वापरू नये. पोत्यातील तेवढा भागच नव्हे, त्याला चिकटलेलाही काढून टाका. मक्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. ऊन दिल्याने बुरशी मरते, विष जसेच्या तसे राहते आणि ते शिजवूनही जात नाही. आपल्याकडे घरात जे धान्य माणसाने खाऊ नये ते कोंबडीला टाकण्याची रीत आहे. त्यात भेद करा: किडके धान्य चालते, किडेही कोंबडी आनंदाने खाते, बुरसलेले चालत नाही, आणि पिलांना तर अजिबात नाही. पोते जमिनीवर व भिंतीला टेकून न ठेवता विटांवर फळी टाकून ठेवा, आणि पावसाळ्यात तीन आठवड्यांत संपेल एवढेच खाद्य आणा, मग ते सुटे आणावे लागले तरी चालेल.

तळाशी राहणारा पिठूळ भाग फेकू नका, जीवनसत्त्वे आणि खनिजे त्यातच असतात. भांडे रोज एकदा रिकामे होऊ द्या आणि मगच नवे खाद्य घाला. नाहीतर तळचे पीठ पाणी शिंपडून ओलसर करून सकाळी द्या. अर्ध्या तासात संपेल एवढेच भिजवा, या हवेत ते दुपारपर्यंत आंबते.

तलंगवाला | १२ जुलै, रात्री ९.५५

ताई, मी दिघोरीला राहतो आणि माझ्यापुढेही हीच अडचण आहे, पन्नास किलो ग्रोअर तीन आठवड्यांत संपत नाही. पुढचे पोते आपण अर्धे-अर्धे घेऊ शकतो. माझ्याकडे तोलकाटा आहे.

अंगणवेल | १३ जुलै, सकाळी ६.३०

अवश्य. रविवारी सकाळी या, पोते मी आणून ठेवते. येताना स्वतःचे रिकामे पोते आणावे, आमच्याकडची सर्व रिकामी पोती आईने खुराड्याच्या छपरावर पावसासाठी घातली आहेत.